मायना

व्यवस्थापकानं दोन पेट्या पाठवल्यात.
एकीवर खडूनं ‘राज्य’, दुसरीवर ‘घर’.
साहेबांचे कागद तुम्हीच वाटा म्हणतो, पेल्हम,
तुमच्याच हातचे तर आहेत.

खरंय. आठ वर्षं त्यांचा आवाज माझ्या बोटांत राहत होता.
ते बोलायचे, मी लिहायचो,
मग कांद्याच्या सालीइतक्या पातळ, ओल्या कागदावर
पत्र दाबून नक्कल काढायची.
शब्द उलटे उमटायचे. कागद पालटून
पाठीकडून वाचायचे.
माणसं मी अजून तशीच वाचतो.

काही पत्रं सोपी.
फ्रान्सच्या वकिलाला, तहाच्या चौथ्या कलमाविषयी: राज्य.
दीपगृहाच्या तेलाचा ठेका: राज्य.
बायकोला, खोकला राहिला का, मध चाटत जा: घर.
पण युद्धखात्याच्या चिठ्ठीच्या पाठीवर
वाटाण्याच्या बियाण्याचा हिशेब आहे,
आणि सेनेटच्या मसुद्यात, समासात, तिरकं:
‘टॅबिथा आज चालली. तीन पावलं.’
स्वच्छ प्रतीत मी ती ओळ गाळली होती.
गाळणं हेही कारकुनाचंच काम.

शेवटी मात्र सगळ्यांना एकच:
आपला अत्यंत नम्र, आज्ञाधारक सेवक.
राजदूताला तेच, खेचरं विकणाऱ्याला तेच,
ज्याचं तोंड बघायची इच्छा नव्हती त्यालाही तेच.
हात आपोआप वळायचा.
तेव्हा क्वाको मेणबत्ती धरून शेजारी उभा असायचा.
लाख तोच वितळवायचा,
थैली खांद्याला लावून तोच निघायचा.

फेब्रुवारीतलं हे एक. मळ्यावरच्या मुकादमाला.
ओटचं बी भिजलं का? कुंपणाचे खांब ओकचेच घ्या.
करडी घोडी लंगडते, तिला पंधरा दिवस जुंपू नका.
आणि खाली, श्वास न बदलता,
क्वाकोची दायना आणि तिचं धाकटं पोर
वसंतात जॉर्जियाच्या माणसाला द्यावं. भाव ठरला आहे.
आपला आज्ञाधारक सेवक.

मी ‘भाव’वर रेती टाकली, फुंकर मारली.
क्वाकोनं लाख ओतली. मुद्रा टेकवायच्या आत
एक थेंब ओघळला, तो त्यानं अंगठ्यानं थोपवला,
हात झटकून हसला.
मी म्हणालो, नदीवरचा बर्फ पातळ झालाय, जपून जा.
एवढंच म्हणालो.
चौदा मैल. पत्र कोरडं पोचलं.

मुकादम वारल्यावर त्याचे कागद परत आले, त्यात हे.
लाख फुटलीय, अर्धी अजून चिकटून,
आणि गरुडाच्या तुटक्या पंखाशेजारी
अंगठ्याच्या रेषा, नांगरटीसारख्या.
एवढ्या सगळ्या कागदांत
त्याच्या हातचं तेवढंच.

नियमानं हे ‘घर’.
बी, खांब, घोडी, बायको.
कुणाचं घर, ते खडूनं लिहिलेलं नाही.

तीन रात्री झाल्या. ट्रेंटनमध्ये नुसता वारा सुटलाय.
पेट्या भरून दोरखंड बांधून झाला,
पत्र टेबलावरच.
क्वाको ओहायोच्या बाजूला दिसला होता
असं एकदा एक लोहार म्हणाला. ती ऐकीव गोष्ट.
तरी टाक तासून बसतो.
शेवटची ओळ पाठच आहे,
आणि आयुष्यात पहिल्यांदाच
ती मला माझ्या नावावर लिहायचीय.
अडतो तो मायना.
महाशय? मित्रा?
त्याचं आडनाव मला कुणी सांगितलं नाही,
मीही आठ वर्षांत विचारलं नाही.

टोकावरची शाई वाळते.
पुन्हा बुडवतो.